जानकीबाईच्या शेतातली इर्जिक

"वयनी, औंदा तरी नांगर घाला की. तुमच्या बांधाला बांध लावून बसायची आमाला लाज वाटाय लागली."

मे महिना सरत आला होता. सकाळी सकाळी मी हे बोललो आणि बोलून फसलो. जानकीबाई चरीत उकिडवी बसून विळ्यानं गवत कापत होती. ती उठली, कमरेवर हात ठेवला आणि आधी माझ्याकडं, मग माझ्या शेताकडं बघितलं.

"लाज तुमाला वाटायचीच, भावजी. उघडं शेत कुणाचं हाय? तुमचं का माझं?"

बाईमाणसाचं बोलणं म्हणून सोडून द्यावं, तर ते खोटं नव्हतं. माझं खाचर कोपऱ्यात रोपांसाठी राब भाजून, बाकीचं नांगरून मोकळं केलेलं. एक काडी दिसायची नाही. तिच्या शेतात गेल्या सालच्या भाताचे बुडखे तसेच उभे, त्यांवर वाळलेलं गवत, वालाचा पाला, कुठं शेणाचा पो. गावात एखाद्याच्या केसांना आठवडाभर फणी लागली नाही, की आम्ही म्हणायचो, "याचं डोकं म्हंजे जानकीबाईचं शेत."

"शेत कसं साफ पायजे, वयनी," मी म्हणालो.

"शेत म्हंजे काय न्हाणी हाय, घासून ठेवाय? थांबा, तुमाला गंमत दावते."

प्यायच्या पाण्याची कळशी तिनं बांधावर ठेवली होती. ती उचलून तिनं अर्धी माझ्या शेतात ओतली. पाणी जरा वेळ साचलं, मग माती घेऊन उताराला पळालं. उरलेली अर्धी तिनं आपल्या वाफ्यावर ओतली. मी बघत होतो तेवढ्यात पाणी नाहीसं झालं. ना थारोळं, ना ओघळ.

"कुठं गेलं?" मी विचारलं.

"पिली की जमीन. तिला तोंडं हायत. तुमच्या जमिनीची तोंडं नांगरानं लिंपून टाकलीत."

असं म्हणून तिनं बुडख्याजवळची माती मुठीनं उचलली. माती भाकरीच्या चुऱ्यासारखी सुटी होती आणि तिच्यात चार-पाच गांडुळं वळवळत होती. तिनं ती जपून परत ठेवली आणि वर पालापाचोळा ओढला. मी हसलो. हसत घराकडं वळलो.

ही जमीन मूळची आमची. म्हणजे माझ्या चुलत्याची. कडाव रस्त्याच्या वरच्या अंगाला तीस गुंठे वरकस, निम्मी दगडगोटे आणि निम्मी पांढरी माती. चुलत्यानं ती बौद्धवाडीतल्या श्रीपतच्या बापाला विकली आणि त्या दिवशी घरी येऊन हसत जेवला, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. श्रीपत, जानकीबाईचा नवरा, माझ्याच वर्गातला. रेल्वेत गँगमनची नोकरी करून सुट्टीला तो या दगडांत राबायचा. नांगरायचा, चिखल करायचा, लावणी करायचा, आणि पावसाळ्यात त्याची माती ओघळून माझ्या खालच्या खाचरात यायची. मला काय, फुकटचं खत. मी कधी बांध घाल म्हणालो नाही.

श्रीपत गेला आणि त्याच साली जानकीबाई कडावला शेतकऱ्यांच्या कुठल्याशा बैठकीला जाऊन आली. तिथं तिला सांगितलं म्हणे, की एकदाच गादीवाफे करा, पुन्हा नांगरू नका, चिखल करू नका, वाफ्यावर पाय देऊ नका. भात थेट टोकून लावा, कापल्यावर मुळं जमिनीतच राहू द्या. मुळं कुजतील, गांडुळं येतील, ती नांगरतील. गवत मारायला औषध मारा असंही सांगितलं होतं, पण ते हिनं ऐकलं नाही. "ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच इख पाजू?" म्हणाली, आणि सहा वर्षं विळ्यानं गवत कापत राहिली.

पहिल्या दोन सालांत तिला भात झालं ते कोंबड्यांना पुरलं नसतं. तिसऱ्या साली बरं झालं. पाचव्या साली भात कापल्यावर तिनं त्याच ओलीवर वाल टोकले आणि एक थेंब पाणी न देता असे वाल आले, की कर्जतच्या बाजारात बाया तिची पाटी शोधत यायच्या. उताराखालच्या माझ्या ओलीच्या शेतात वाल करपले होते. तेव्हाही मला शहाणपण आलं नाही.

खरं सांगायचं तर मला वाटायचं, बाई एकटी. पोरगा कपिल खालापूरला टोलनाक्याजवळच्या कंपनीत. घरात ना बैल, ना हाताशी माणूस. नांगर घालणं जमत नाही म्हणून हे खूळ काढलंय, आणि नडलेपण झाकायला वर शहाणपण सांगते. शंभर वेळा तिनं मला समजावलं आणि शंभर वेळा मी हाच अर्थ काढला.

जूनच्या सुरुवातीला ती बी टोकायला म्हणून निघाली आणि बांधावरून पाय सरकून पडली. खुबा मोडला. आम्हीच दोघातिघांनी तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. दुखण्यानं तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी टेंपोत चढवताना ती माझा हात धरून म्हणाली, "भावजी, शेतात ढोरं घुसू देऊ नका. वाफं तुडवतील."

"तुमी शेताची काळजीच करू नका," मी म्हणालो. हा शब्द मी दिला होता. पुढं जे झालं ते या शब्दापायी झालं.

पनवेलला तिच्या पायात सळई घातली. नंतर कपिलनं तिला खालापूरला आपल्या खोलीवर नेली. दोन महिने जमिनीवर पाय टेकायचा नाही असं डॉक्टर म्हणाले.

इकडं जुलै उजाडला. सगळ्यांची लावणी निम्म्यावर आली आणि जानकीबाईचं शेत तसंच. बुडख्यांत गुडघाभर गवत माजलं. मी ढोरं आत जाऊ दिली नाहीत, पण रोज त्या बांधावरून जाताना मी थांबून बघायचो. श्रीपतचं शेत डोळ्यांदेखत पडीक जाणार, आणि आपण शब्द देऊन बसलोय.

एका संध्याकाळी पारावर पंचविसेक जण होते. मी विषय काढला.

"जानकीबाईच्या शेतात इर्जिक घालू या."

इर्जिक म्हणजे ज्याचं शेत अडलं त्याच्या शेतात सगळ्यांनी आपापली अवजारं घेऊन जायचं, एका दिवसात काम उरकायचं आणि मालकानं सगळ्यांना जेवायला घालायचं. पैशाची बात नाही. आमच्या गावात ही चाल अजून टिकून आहे आणि तिचा आम्हाला मोठा अभिमान. पण ती इर्जिक आमच्या आळीपासून सुरू व्हायची आणि आमच्या आळीलाच संपायची. बौद्धवाडीत ती कधी गेली नव्हती. का गेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. वाडीतल्या मोतीबाईचं शेत माणूसबळ नाही म्हणून चार वर्षं पडून होतं, तिकडंही कोणी बघितलं नव्हतं.

कोणी तंबाखू मळू लागला, कोणी चपला शोधू लागला. मग रूपेश, आमचा पंचायतीतला तरुण सदस्य, म्हणाला, "काका, बेस इचार हाय. जायलाच पायजे. आता दिवस काय ऱ्हायलेत का तसलं पाळायचे?"

मनोज म्हणाला, "जाऊ की. पण जेवणाचं काय?"

"जेवण ती बरी झाल्यावर घालंल," मी म्हणालो. "तवा ज्यानं त्यानं आपापलं बघावं. काम तर करा."

जेवण लांबणीवर पडलं म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि बावीस जणांनी हात वर केले. मला काय वाटलं सांगू? पन्नास-साठ वर्षांत जे कोणी केलं नाही ते बुधाजीनं करून दाखवलं, असं वाटलं. घरी आलो तो छाती फुगवूनच. बायकोला, धोंडूबाईला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तिला इचारलं का?" ती म्हणाली.

"पडल्या बाईला काय इचारायचं? घर बांधून दिलं तर नको कोण म्हणतं?"

"अवो, पर तिचं घर बांधलेलंच हाय. तुमी पाडून बांधताय का काय?"

"तुला शेतातलं काय कळतं?" मी म्हणालो. चाळीस वर्षं जिनं माझी लावणी केली तिला मी हे म्हणालो.

तरी मनात खोट नको म्हणून कपिलला फोन लावला. त्याला बेत सांगितला.

"काका, सगळं गाव येणार? आपल्या शेतात?"

"बावीस माणसं. कमळ्याचा टिलर. भाताचं आवण बी आमचंच, राबात लय रोपं उरलीत."

"आई नांगरू देत नाय शेत…" तो अडखळला. मग त्याचा आवाज बदलला. "पण या काका. या तुमी. बाबा असते तर बाबांनी पेढे वाटले असते. मी आईला आताच सांगत नाय. आली की तिच्या डोळ्यांनीच बघंल."

मुलानं परवानगी दिली. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

इर्जिकीच्या दिवशी पावसानं चांगली उघडीप दिली होती. तालुकाभर नांगरणी करणाऱ्या कमळ्यानं आपला पावर टिलर, म्हणजे इंजिनचा नांगर, बांधावरून आत घातला. वाफे आडवे कापत, चरी बुजवत, बुडखे उलथत तो पुढं गेला आणि मागं माती उलटली. मी आजन्म शेती केली, पण अशी माती मी पाहिली नव्हती. ही त्या वरकसातली पांढरी माती असेल यावर कोणी विश्वास ठेवला नसता. काळी, ओलसर, नुसत्या वासानं भूक लागावी अशी. आणि तिच्यात गांडुळं. एकदोन नाहीत, ढेकळाढेकळात लोंबत होती. तुटलेली, अर्धी, वळवळणारी.

मग बगळे आले. आधी पाच, मग वीस, मग कडावच्या बाजूनं थवेच्या थवे. सगळं शेत पांढरं झालं. कमळ्याच्या पायाजवळ उतरून ते मान वाकडी करून मटामट गिळत होते. हाकलले तरी हलेनात.

कमळ्यानं टिलर थांबवून मागं बघितलं. "बुधाजीकाका, सगळा तालुका नांगरला मी. येवढी गांडवलं कुठं बघितली नायत. माझ्यामागं चार बगळं आलं तरी लय झालं म्हणतो."

"लक्ष्मी हाय बाईच्या शेतात," मी म्हणालो. "हाण तू."

हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कोणाच्या तोंडी घालून सुटता येणार नाही. ज्याला मी लक्ष्मी म्हणालो ती माझ्या डोळ्यांसमोर बगळ्यांच्या पोटात जात होती, आणि मी कमळ्याला पुढं हाण म्हणत होतो.

दुपारपर्यंत तीनदा चिखल झाला. फळी फिरवून जमीन आरशासारखी केली. बायांनी गाणी म्हणत आवण लावलं. फक्त वरच्या अंगाला मोठा धोंडा आहे, त्याच्यामागं टिलर वळत नव्हता, तिथला चटईएवढा तुकडा तसाच राहिला. रूपेशनं फोटो काढले आणि गावाच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'एक गाव, एक शेत.' लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली.

जानकीबाई ऑगस्टमध्ये आली. श्रावण सुरू होता. रिक्षातून उतरली तेव्हा हातात चार पायांची काठी, एका बाजूला सून जागृती आणि दुसऱ्या बाजूला कपिल. आम्ही पंधरावीस जण रस्त्यावर उभेच होतो. भात पोटरीपर्यंत आलं होतं, हिरवंगार. कपिल म्हणाला, "आई, बघ. गावानं इर्जिक घातली आपल्यात."

तिनं शेताकडं बघितलं. मग म्हणाली, "मला बांधावर न्या."

बांधावर तिला बसवलं. तिनं काठी बाजूला ठेवली, पुढं वाकून पाण्यात हात घातला आणि मूठभर चिखल वर काढला. तो तिच्या बोटांतून गळून गेला. दुसऱ्यांदा काढला. तोही गळाला. तिनं बोटं उघडून तळहात नीट न्याहाळला, जसं काही हरवलेलं शोधावं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. रूपेशच्या हातात फोन होता.

"लय उपकार झालं तुमचं," जानकीबाई म्हणाली. "लय माणसं राबली माझ्यासाठी. जेवाय या समदी. परवा."

लोक खूश होऊन गेले. मी मागं राहिलो. धोंडूबाई तिच्याजवळ खाली बसली आणि तिनं तो चिखलानं भरलेला हात आपल्या पदरानं पुसला. मला तिथं उभं राहावेना.

जेवण बौद्धवाडीतल्या विहाराच्या अंगणात झालं. बावीस जणांतले एकोणीस आले. तिघांना नेमका त्याच दिवशी उपास होता, आणि श्रावण असल्यामुळं कोणाला काही म्हणता आलं नाही. बाकीचे मात्र मांडी घालून बसले. म्हातारे, तरुण, ज्यांनी आयुष्यात या अंगणात पाय ठेवला नव्हता तेसुद्धा. भात आणि वालाचं बिरडं. तिच्याच शेतातले गेल्या सालचे वाल. जानकीबाई खुर्चीवर बसून जागृतीला वाढायला सांगत होती. मनोजनं तीनदा बिरडं मागून घेतलं.

"जानकीबाई, असलं बिरडं बाप जल्मात खाल्लं नाय," तो म्हणाला. "आता दरसाल इर्जिक घालायची बघा तुमच्यात!"

"दरसाल!" सगळे ओरडले. आणि त्याच पंगतीत ठरलं, की पुढच्या सालापासून मोतीबाईच्या शेतातही इर्जिक घालायची. मोतीबाई कोपऱ्यात उभी होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. वाडीतली जाणती माणसं एकमेकांकडं बघत राहिली. मी जानकीबाईकडं बघितलं. ती हसत होती, आणि तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते.

त्यानंतर आठवडाभर पाऊस कोसळला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या शेतातनं गढूळ पाणी निघालं आणि बांध फोडून माझ्या खाचरात आलं. पाणी ओसरल्यावर माझ्या वरच्या कडेला बोटभर गाळ बसला होता. काळा, मऊ. तिची सहा वर्षं. पूर्वी मी याला फुकटचं खत म्हणायचो. त्या दिवशी त्यावर पाय ठेवताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.

सप्टेंबरात पावसानं वीस दिवस ताण दिला, तशी तिची जमीन तडकली. भेगांत हात जाईल इतकी. भात झालं, अगदीच नाही असं नाही. माझ्याएवढंच झालं. गावाला ते पुरेसं वाटलं. भात कापल्यावर तिनं नेहमीसारखे वाल टोकले. वीतभर वर आले आणि ओल संपली. जानेवारीत सगळे सुकून उभे होते.

त्या सुकलेल्या वालांत ती एकदा काठी टेकून उभी होती. मी बांधावर गेलो. पाच महिने मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"वयनी, माझं चुकलं. मी गाढव हाय. मला शिव्या द्या."

"शिव्या देऊन काय माती परत येती?"

"परत किती दिसांत हुईल?"

"आधीची सा वरसं लागली, भावजी. मी त्रेसष्टची हाय. पाय असा." ती धोंड्याकडं वळली. "गांडवलं तेवढ्यातच ऱ्हायलीत. धोंड्यामागं. काल उकरून बघितलं. हायत बिचारी."

"मग पसरतील ती. हळूहळू पसरतील. मी पारावर सांगतो सगळ्यांना. पुढल्या साली टिलर घालायचा नाय, तुमचं शेत तुमच्या रीतीनं. मी करतो टोकण तुमाला."

"नका सांगू."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "का?"

"येकदा मी नको म्हटलं, की काय म्हणतील? आमी गेलो, राबलो, तिच्या दारात जेवलो, आन हिला माज आला. मनोज तर वाटच बघत असंल. मंग मोतीबाईच्यात कोण येईल? पाच सालं तिची जमीन पडून हाय. ती लोकाच्या घरची भांडी घासती कर्जतला. तिला इर्जिक लागती, भावजी. मला नव्हती लागत. पण माझ्यातनंच ती पुढं जाणार."

"मी समजावीन लोकांना. नीट सांगीन."

"मी तुमाला सा वरसं समजावलं," ती म्हणाली. "समजलं का?"



तरी मी पारावर गेलो. जानकीबाईचं नाव न घेता, माझ्याच शेताची गोष्ट असल्यासारखं बोललो. यंदा मी नांगरणार नाही, मातीतली गांडुळं मरतात, वगैरे. लोक हसले. "काका, तुमालाबी जानकीबाईचा वारा लागला!" रूपेश म्हणाला, "काका, आता तिच्यात बी सुधारणा झाली, आन तुमी मागं चालला?" मी उठून घरी आलो. एका कोपऱ्यात मी चार वाफे केले, तेवढंच. त्यातल्या मातीत मी रोज उकरून बघतो. अजून काही नाही.

या जुलैला इर्जिक पुन्हा निघाली. आदल्या दिवशी मोतीबाईच्या शेतात. ते काम बघण्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पाच वर्षांचं रान साफ करून लावणी झाली आणि मोतीबाईनं प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळे जानकीबाईच्या बांधावर. गेल्या साली उपास असलेले तिघंही आले होते.

जानकीबाई बांधावर खुर्ची टाकून बसली होती. कमळ्यानं यंदा नेटानं विचारलं, "मावशे, त्यो धोंडा काढू का? दोरखंड आणलाय. मंग मागचा तुकडाबी नांगरात येईल."

मी तिच्याकडं बघितलं. आता तरी बोल, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो.

"धोंडा ऱ्हाऊ दे, बाळा," ती म्हणाली. "त्याच्याखाली श्रीपतनं नारळ ठेवलाय. देवाचा हाय."

आम्ही देव मानत नाही, असं ठासून सांगणारी ही बाई. श्रीपतनं तर घरात फोटो लावला तो बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा. लोकांनी मात्र लगेच मान डोलावली. देवाचा म्हटल्यावर कोणी दोरखंडाला हात लावला नाही. कमळ्यानं लांबूनच हात जोडले आणि टिलर दुसऱ्या टोकाला नेला.

माती उलटू लागली. फिकी, चिकट, लगद्यासारखी. कडावच्या बाजूनं बगळे आले. त्यांना गेल्या सालची आठवण असणार, कारण चांगले तीस-चाळीस होते. टिलरमागं उतरले, माना वाकड्या करून ढेकळांत बघत चालले. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यातला एक उडाला, त्याच्यामागं दुसरा, आणि मग सगळेच उठून रस्त्यापलीकडं निघून गेले.

"आज बगळं भुकेलं नाय वाटतं," कमळ्या म्हणाला.

जानकीबाई त्यांच्या मागं बघत होती. मी तिच्या खुर्चीशेजारी बांधावर बसलो होतो. माझ्याच्यानं मान वर करवेना.

दुपारी विहाराच्या अंगणात पंगत बसली. बिरडंच पाहिजे असं लोकांनी आधीच बजावून सांगितलं होतं. मनोजनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि थांबला.

"जानकीबाई, राग मानू नका. पण गेल्या सालची चव नाय आली."

"वाल कडावच्या दुकानातलं हायत," ती म्हणाली. "घरचं औंदा झालं नाय."

"का हो? यवढी इर्जिक घातली आमी!"

"काय म्हाईत," जानकीबाई म्हणाली, आणि जागृतीला म्हणाली, "भात वाढ गं त्यांना. पोटभर जेवू दे. लय राबलीत."

पुढच्या साली जरा लवकर येऊ, म्हणजे चिखल चारदा करता येईल, असं ठरवून सगळे हात धुवायला उठले.